काठीचा रबरी बूट

दुसऱ्या कॉलेजचे व्हॉलीबॉल प्रशिक्षक टोपीवाले हरले की त्यांना राग येत नसे, शंका येत असे. कधी पंचांच्या नजरेची, कधी दिव्यांच्या उजेडाची. एकदा तर जमिनीला उतार आहे अशी शंका घेऊन त्यांनी मैदानाच्या मधोमध गोटी ठेवून पाहिली होती. गोटी जागची हलली नाही, आणि पुढे वर्षभर बाईंच्या संघातल्या मुली त्यांना 'गोटीसर' म्हणत राहिल्या. म्हणून त्या शनिवारी तीन-एकने सामना गमावल्यावर त्यांनी पिशवीतून पोलादी टेप काढली, तेव्हा कोणी ते मनावर घेतलं नाही. यजमान संघाच्या प्रशिक्षक बाई तर बाटलीतलं पाणी पीत म्हणाल्या, "मोजा, मोजा. नेट झालं की माझीही उंची मोजून घ्या. पन्नाशीनंतर कमी होते म्हणतात."

मुली हसल्या. टोपीवाले हसले नाहीत. त्यांनी टेपचं एक टोक बुटाखाली दाबलं, दुसरं नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत नेलं आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा पाहिला. मग पंचांना बोलावलं. पंचांनी पाहिला. मग दोघांनी मिळून पुन्हा मोजलं.

मुलींच्या सामन्यात नेट मध्यावर दोन मीटर चोवीस सेंटिमीटर असावं लागतं. हे दोन मीटर सव्वीस भरलं.

"आमचे बॉल इथंच पट्टीला का अडकतात ते आज कळलं," टोपीवाले म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी शंका खरी निघाल्यामुळे बिचारे स्वतःच दचकले होते.

बाईंनी बाटली खाली ठेवली. "काका, काठी आणा."

चावीकाका हॉलचे सेवक. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की ते कुठे आहेत हे सांगावं लागत नसे, ऐकू येई. त्यांनी कोपऱ्यातली मापाची काठी आणून नेटला लावली. काठीवरची चाकूची खाच पट्टीच्या बरोबर कडेला आली, केसाचाही फरक नाही. काठी चोवीस म्हणत होती, टेप सव्वीस. बाईंची नजर खाचेवरून हळूहळू खाली उतरत काठीच्या तळाशी गेली आणि तिथंच थांबली.

तळाला काळा रबरी बूट होता.

ती खाच थोरल्या सरांच्या हातची. बाई याच कॉलेजच्या संघात खेळल्या, मग थोरल्या सरांच्या हाताखाली सहा वर्षं बॉल गोळा करण्यापासून सगळं केलं, आणि सर निवृत्त झाले तेव्हा मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत एकाने विचारलं होतं, "मुली बाईमाणसाचं ऐकतील का?" बाई म्हणाल्या होत्या, "आजवर पुरुषाचं ऐकत होत्या असं तुम्हाला कोणी सांगितलं?" ती जागा त्यांना कशी मिळाली हे त्यांचं त्यांनाच कोडं होतं. पण मिळाली, आणि एकोणीस वर्षं त्यांनी ती सोडली नव्हती. थोरल्या सरांनी जाताना त्यांच्या हातात शिट्टी नाही दिली, ही काठी दिली. "नेट स्वतः मोजायचं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी नेट बाईच मोजत. बाहेरून येणारे पंच नियमाने स्वतःचं माप आणायचे खरे, पण अडीच मीटरची काठी घेऊन बसमध्ये कोण चढतो? ते बाईंचीच काठी मागून घेत, मान डोलवत आणि शिट्टी फुंकत.

सात वर्षांपूर्वी हॉलला नवी लाकडी जमीन बसली. ऑफिसातून कागद आला, की जमिनीवर ओरखडा उठल्यास संबंधितांना जबाबदार धरण्यात येईल. त्याच उन्हाळ्यात बाईंची आई गेली. तिच्या चालायच्या काठीचा रबरी बूट घरी दाराआड पडून होता. बाईंनी तो उचलला आणि मापाच्या काठीला घातला. अगदी फिट्ट बसला. जमीन वाचली, आईची वस्तू रोज डोळ्यांसमोर राहिली. एका दगडात दोन पक्षी. बुटाला तळ असतो आणि तळाला जाडी असते, हे मात्र सात वर्षांत ना त्यांच्या लक्षात आलं, ना दुसऱ्या कोणाच्या.

"बूट मी घातला," बाई पंचांना म्हणाल्या. "लिहून घ्या."

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक कागद आधीच टाइप होऊन पडला होता. नेट बांधण्याचं काम सेवकाकडे असून त्याच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला, अशा अर्थाच्या चार ओळी आणि खाली बाईंच्या सहीसाठी जागा.

"संघटना या मोसमातले तुमच्या मैदानावरचे चारही विजय रद्द करायच्या बेतात आहे," प्राचार्य म्हणाले. "ते गेले की संघ खालच्या गटात. आणि खालच्या गटातल्या संघाला वेगळा मुख्य प्रशिक्षक कशाला, असं कमिटी विचारणार. मुलांचे सर दोन्ही संघ बघतील."

"आणि सही केली तर?"

"तर चूक सेवकाची. प्रशिक्षकावर ठपका नाही. सामने गेले तरी तुमची जागा राहील. मी तुमच्याच बाजूने बोलतोय, मॅडम."

"आणि काका?"

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "त्यांचं बघू काहीतरी."

ते 'बघू' बाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. प्रवासाला बस मागितली तेव्हा ऐकलं, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली मागितली तेव्हा ऐकलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

हॉलच्या पायरीवर चावीकाका बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. कॉलेजात भिंतींना कान आणि शिपायांना तोंड असतं.

"करून टाका सही, मॅडम. माझं काय, चाव्या कुठेही सांभाळीन."

"काका, एकोणीस वर्षांत मी तुम्हाला कधी नेट मोजायला दिलंय?"

"काठी आणायला सांगता. मोजू कुठे देता? एकदा हात लावला तर माझ्या अंगावर आल्या होतात."

"मग चूक करायचा मानही माझाच. त्यात तुम्ही वाटा मागू नका."

घरी थोरली बहीण होती. दोघींचं मिळून दोन खोल्यांचं बिऱ्हाड. ताई चाळीस वर्षं शिवणकाम करून आता फक्त जिभेने लोकांची शिवण उसवत असे. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई गेली, पण तिच्या काठीची खोड काही गेली नाही. जिवंत होती तेव्हाही ती मधेच आडवी घालायची."

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? दोन सेंटिमीटर म्हणजे शिवणात पाऊण इंच. पाऊण इंचाने ब्लाउज बिघडतो बाई, तुझं तर आख्खं नेट. एक सांग, तुझ्या मुली रोज त्या उंच नेटवर खेळत होत्या ना? मग दुसरीकडे, खऱ्या मापावर, त्यांचं काय व्हायचं?"

बाई उठल्याच. कपाटाच्या वर वह्या होत्या. प्रत्येक सामन्यात कोणाचा बॉल कुठे पडला याची आकृती काढायची त्यांची जुनी सवय. दर वर्षाची एक वही. परक्या मैदानावर पहिला सेट आपला नाही, अशी संघात म्हणच पडली होती. सात वर्षं. बाईंनी त्याचं खापर प्रवासावर फोडलं होतं, आणि मुलींवर. बसमध्ये झोपता, सुस्त उतरता, म्हणून किती बोलल्या होत्या. त्यांनी वह्या जमिनीवर पसरल्या आणि परगावचे पहिले सेट तेवढे उघडले. मागच्या रेषेबाहेर ठिपके. एक नाही, दोन नाही, पानोपानी, रेषेच्या बाहेर वीतभर अंतरावर ठिपक्यांची रांग. उंच नेटची सवय झालेल्या मुली गरजेपेक्षा वरून मारत होत्या आणि बॉल लांब जात होते. दुसऱ्या सेटपर्यंत हात जुळायचा, ठिपके आत यायचे. त्याआधीच्या वर्षांच्या वह्यांत अशी रांग नव्हती.

बाईंनी त्या सात वह्या वेगळ्या काढून ठेवल्या. मग त्यांनी फोन उचलला आणि पाच वर्षांपूर्वीच्या कप्तानाला लावला. ती आता एका दवाखान्यात नर्स होती.

"तुला मी एका सामन्यात पूर्ण वेळ बाहेर बसवलं होतं. बसमध्ये झोपतेस, म्हणून पहिला सेट गेला, असं म्हणाले होते. ते खोटं होतं गं. चूक माझी होती." आणि त्यांनी बुटाची गोष्ट सांगितली.

 मग ती म्हणाली, "पण मॅडम, मी झोपायचेच की."

संघटनेच्या ऑफिसात लांब टेबलामागे तिघे बसले होते, बाजूला टोपीवाले. बाईंनी सात वह्या मांडल्या, ठिपके दाखवले. अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या सदस्याला हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही स्वतःलाच फसवत होता?"

"स्वतःला आणि माझ्या मुलींना. या सरांचे बॉल पट्टीला लागले, तेही खरं. म्हणून माफी मागते, आणि ही शेवटची. आता दुसरं बोलू?"

"बोला."

"विजय कागदावर रद्द करू नका. आम्हाला खेळून हरवा. पुन्हा सामना घ्या. यांच्या मैदानावर, यांचं नेट, यांची टेप, टाळ्या वाजवायला यांची माणसं. जिंकलो तर चारही विजय राहतील. हरलो तर चारही घेऊन जा, मी चकार शब्द काढणार नाही."

टोपीवाले खुर्चीत पुढे सरकले. "यात काहीतरी आहे," ते हळूच अध्यक्षांना म्हणाले.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारचा सामना आहे. घाबरत असाल तर तसं लिहून द्या."

शंका आणि अभिमान यांच्या झटापटीत टोपीवाल्यांचा अभिमान जिंकला, आणि संघटनेने 'फसवणूक नाही' असं निकालात लिहून सामना ठरवला.

आठवडाभर बाईंनी नेट खाली घेऊन सराव घेतला. त्यांनी मुलींना काही लपवलं नाही. कप्तान होती ती सगळ्यांत उंच, तिला सगळे जिराफ म्हणत. आणि तिला बॉल उचलून देणारी होती ती ठेंगणी चिमणी. चिमणी म्हणाली, "मॅडम, म्हणजे इतके दिवस मी हिला दोन सेंटिमीटर जास्त उड्या मारायला लावल्या?"

"त्यानेच वाढले असेन मी," जिराफ म्हणाली.

मुलांचे सर, ज्यांना सगळे शिट्टीसर म्हणत कारण शिट्टी त्यांच्या तोंडातून जेवतानाच काय ती निघे, एका संध्याकाळी दाराशी येऊन उभे राहिले. "मॅडम, मला ऑर्डर आलीय. सोमवारपासून तयारीत राहा म्हणून. मी मागितलं नव्हतं हो."

"माहितेय मला. नेट बांधता येतं का तुम्हाला?"

"आमचं मुलं बांधतात."

"मग शिकून घ्या. माझ्या मुली बॅगा उचलतात, पण नेट प्रशिक्षकच बांधतो. इथली रीत आहे."

शिट्टीसरांनी ती ताणायची दोरी हातात घेऊन पाहिली आणि साप असल्यासारखी परत ठेवली.

शनिवारी परक्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टोपीवाल्यांनी सगळ्यांसमोर नेट मोजलं. दोन चोवीस. बाईंनी आपली काठीही नेली होती, बूट काढून. ती लावली, खाच बरोबर पट्टीवर आली. थोरल्या सरांचा हात चुकला नव्हता. बाईंच्या मनातली एक बारीकशी गाठ तिथंच सुटली.

पहिला सेट पंचवीस-एकोणीस, बाईंच्या मुलींचा. जिराफचे बॉल मागच्या रेषेच्या आत वीतभर पडत होते, एकामागून एक. सात वर्षांत प्रथमच परगावी पहिला सेट जिंकून बाकावर परतलेल्या मुलींना काय सांगायचं हेच बाईंना सुचेना; त्यांच्याकडे त्या वेळेची फक्त बोलणी तयार असायची. शेवटी त्या म्हणाल्या, "पाणी प्या."

दुसरा गेला. तिसरा आला. चौथा गेला. पाचवा सेट पंधराचा असतो आणि त्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. तेरा-चौदावर चिमणीने बॉल उचलला, जिराफ उडाली, मारला, आणि बॉल पट्टीवर आदळून आपल्याच बाजूला पडला. हॉल दणाणला.

जिराफ नेटजवळ उभीच होती. "मॅडम, मोजायला सांगा. नेट ताणलं गेलं असेल. मोजायला सांगा ना."

"नेट बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तू उशिरा उडालीस. चल, हात मिळव त्यांच्याशी. मान वर ठेवून."

तेवढ्यात टोपीवाले टेप घेऊन नेटकडे जाताना दिसले. जिंकल्यावरही त्यांच्याने राहवलं नव्हतं. त्यांनी मोजलं, बाईंकडे पाहिलं आणि कबुली दिल्यासारखे पुटपुटले, "चोवीसच आहे."

"मग आता निवांत झोपा," बाई म्हणाल्या.

चारही विजय गेले. संघ खालच्या गटात गेला. सोमवारी सकाळी अकरा वाजता प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर या वेळी कोरं लेटरहेड होतं.

"तो कागद?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पर्समधून घडी काढून टेबलावर ठेवली. सहीची जागा रिकामीच होती.

"मी तुम्हाला वाचवायचा प्रयत्न केला होता. आता माझे हात बांधले गेलेत. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर बरं दिसेल. एकोणीस वर्षं झाली. सत्कार करू."

"राजीनामा मी देत नाही, सर. सत्कारही नको. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा."

"मॅडम, तसं करायला मला आवडणार नाही."

"पण पत्रात कारण लिहावं लागेल ना? ते मी सांगते, लिहून घ्या." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हरलो म्हणून लिहाल, तर मुलांचा संघ गेली चार वर्षं खालच्याच गटात आहे, आणि शिट्टीसर त्यांच्या जागी ठणठणीत आहेत. फसवणूक लिहाल, तर संघटनेच्या निकालात लिहिलंय की फसवणूक नाही. राहिलं एकच. लिहा, की मुलींच्या प्रशिक्षिकेने सात वर्षं नेट हवं त्याहून उंच ठेवलं आणि तिच्या मुलींना त्यावरून खेळायला लावलं, सबब तिला काढण्यात येत आहे. खाली सही करा, शिक्का मारा. मी ते पत्र फ्रेम करून हॉलच्या दारावर लावते. येणारा-जाणारा वाचेल."

प्राचार्यांनी पेन उचललं. त्यांनी तारीख घातली. मग ते थांबले. कागदावरच्या तारखेकडे बघत त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात एकदा वाचून पाहिलं असावं, कारण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि त्यांनी ते पटकन दाबून टाकलं.  बाहेर तासाची घंटा झाली.

"खालच्या गटातून वर यायला किती वेळ लागतो?" त्यांनी अखेर विचारलं.

"एक मोसम."

"नक्की?"

"नक्की कोण सांगणार? पण आमच्या उड्या दोन सेंटिमीटरनी जास्त आहेत."

प्राचार्यांनी तारीख घातलेला कागद चुरगळला. "कमिटीला काय सांगू मी?"

"सांगा, 'बघू'."

दुपारी सराव होता. चावीकाकांनी दार उघडलं, दोरी आणली, काठी आणली. दारात शिट्टीसर उभे होते. नेट कसं बांधतात ते बघायला आलोय, म्हणाले, सहज. बाईंनी त्यांच्या हातात दोरीचं एक टोक दिलं. मग काठी आडवी घेतली, तळाला आईच्या काठीचा रबरी बूट पुन्हा चढवला आणि ठोकून घट्ट बसवला.

"परत?" चिमणी म्हणाली.

"जमिनीवर ओरखडे उठतात," बाई म्हणाल्या. त्यांनी काकांकडून चाकू घेतला, फूटपट्टीने मोजलं, शिट्टीसरांना मोजायला लावलं, आणि थोरल्या सरांच्या खाचेखाली बरोबर दोन सेंटिमीटरवर आपली खाच पाडली. काठीला एकोणीस वर्षांत त्यांचा चाकू लागला तो पहिल्यांदा. लाकडाचा भुगा त्यांनी फुंकरीने उडवला.

"आता माप कुठलं धरायचं, मॅडम?" जिराफने विचारलं.

"सामन्याला खालची खाच. परगावी जायच्या आधी आठ दिवस खालची."

"आणि एरवी?"

"एरवी वरची," बाई म्हणाल्या. "ओढा दोरी."